घाम गाळल्यानंतरचे ‘बसणे’

आज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरल्यावर आमच्या गटात संध्याकाळी बसण्याचा बेत ठरत होता आणि “एवढा घाम गाळलाय, दोन पेग चालतात” हे वाक्य पुन्हा ऐकू आले. बोलणारे सगळे पन्नाशीच्या आसपासचे, यवतेश्वर घाटात नेमाने पळणारे, माझ्या जिव्हाळ्याचे लोक आहेत. म्हणूनच लिहितो आहे.

व्यायाम करणारा माणूस दारूपासून आपोआप दूर राहतो, असा आपला समज असतो. परंतु अमेरिकेतील प्रौढांच्या अनेक पाहण्यांमध्ये उलटेच दिसले आहे: अधिक व्यायाम करणारे लोक सरासरीने मद्यही काहीसे अधिक घेतात. कष्टानंतर स्वतःला बक्षीस द्यावेसे वाटते आणि मैत्रीचा ओढा असतो, हे मला समजते. शरीर मात्र हा हिशेब मानत नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना व्यायामानंतर भरपूर मद्य दिले, तेव्हा सोबत प्रथिने घेऊनही स्नायूंमध्ये नवी प्रथिने तयार होण्याचा वेग सुमारे २४ टक्क्यांनी घटला. मद्याने लघवी वाढते, म्हणजे घामाने आधीच कमी झालेले पाणी आणखी कमी होते, आणि ज्या गाढ झोपेत शरीराची झीज भरून निघायची ती झोपही तुटक होते. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी असतात, हे तर वजन उतरवायला निघालेल्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले आहे. मित्रांनो, येत्या रविवारी पळून झाल्यावर सगळ्यांनी आमच्याकडे नाश्त्याला यावे.