अमॉर्फस तारेचे डोमेन बघताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला लोखंड-सिलिकॉन-बोरॉनच्या अमॉर्फस तारेवर. जाडी १२५ मायक्रॉन, जाडसर केसासारखीच दिसते. वितळलेल्या धातूची बारीक धार फिरत्या पाण्यात सोडून ही बनवतात, आणि धातू इतक्या झटक्यात गोठतो की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, म्हणून ती अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेली. वाचलं होतं की अशी तार सोलेनॉइडमध्ये, म्हणजे वीज सोडलेल्या लांब कॉइलमध्ये, ठेवून अगदी थोडं चुंबकीय फील्ड दिलं, १० अँपिअर प्रति मीटरच्या आसपास, तरी आतलं मॅग्नेटायझेशन (चुंबकत्वाची दिशा) एका दमात पलटतं आणि हा बदल टिपणाऱ्या पिकअप कॉइलमध्ये टोकदार पल्स येतो, लार्ज बार्कहाउझन जंप म्हणतात तो. मला पल्सच दिसेना.

तीन आठवडे गेले. कॉइल दोनदा नव्याने गुंडाळली, अँप्लिफायर बदलला, रडू यायचं बाकी होतं. शेवटी माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, "अगं, तुकडा केवढा घेतलायस?" म्हटलं ५ सेंटीमीटर, होल्डरच तेवढा आहे. "मग कसा येईल? १२ चा लाव आधी."

१२ चा लावला, तरी २० अँपिअर प्रति मीटरला काहीच नाही. फील्ड ५० वर नेलं आणि पल्स आला!! पण एक वरचा एक खालचा, मधलं अंतर समान नाही, लूप, म्हणजे फील्डबरोबर मॅग्नेटायझेशन कसं बदलतं त्याचा आलेख, एका बाजूला सरकलेला. मग लक्षात आलं की आपल्याकडे पृथ्वीचंच आडवं फील्ड ३० अँपिअर प्रति मीटरच्या आसपास असतं, म्हणजे तारेला पलटायला लागतं त्याच्या तिप्पट, आणि माझा सोलेनॉइड उत्तर-दक्षिण ठेवलेला. टेबल फिरवून पूर्व-पश्चिम केलं, आणि २० ला पण सुंदर पल्स.

लांबीचं कारण मला सगळ्यात जास्त आवडलं. तार गोठताना बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, त्यामुळे ताण आत अडकून राहतात, आणि या मिश्रधातूचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन पॉझिटिव्ह असल्यामुळे (म्हणजे मॅग्नेटायझेशनच्या दिशेला तो किंचित लांबतो) गाभ्यात मॅग्नेटायझेशन तारेच्या लांबीला धरून एकाच मोठ्या डोमेनमध्ये (सगळीकडे एकच दिशा असलेल्या भागात) राहतं, आणि बाहेरच्या कवचात मात्र त्रिज्येच्या दिशेला, बारीक बारीक डोमेनमध्ये. पण दोन्ही टोकांना चुंबकीय ध्रुव तयार होतात, ते कमी करायला तिथे वेगळ्या दिशांचे छोटे डोमेन, क्लोजर डोमेन, बनतात आणि ते काही सेंटीमीटर आत घुसतात. तुकडा लहान असला की दोन्हीकडचे क्लोजर डोमेन एकमेकांपर्यंत पोचतात आणि मधला एकसंध गाभा उरतच नाही, मग एकदम उडी कुठून येणार. मी १२, १०, ८, ६ असं कापत गेले, ८ पर्यंत पल्स ठणठणीत, ६ ला पार पसरला. या जाडीला साधारण ७ सेंटीमीटर ही मर्यादा मानतात ती स्वतःच्या हाताने बघितली.

मग पृष्ठभागावरचे डोमेन, बिटर पद्धतीने. तारेवर फेरोफ्लुइडचा थेंब टाकायचा, त्यातले मॅग्नेटाइटचे कण डोमेनच्या भिंतींवर जमतात. तार गोल, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली एक अरुंद पट्टीच फोकसमध्ये येते. सॅम्पल गरम बेकेलाइटमध्ये (दाबून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवायचं मी टाळलं, कारण त्या दाबाने नवे ताण आले तर डोमेनच बदलणार, नुसतं काचेवर दोन टोकांना चिकटवलं. पहिले चार थेंब जाड पडले, सगळं काळं. पाचवा पातळ करून टाकला आणि भुलभुलैयासारख्या नागमोडी रेषा दिसल्या, त्या कवचाच्या. गाभ्याचं यात काहीच दिसत नाही.

गाभा किती जाड ते लूपवरून काढलं. फील्ड शून्य केल्यावर उरलेलं मॅग्नेटायझेशन, जे गाभ्याचंच असतं, भागिले सॅच्युरेशनचं, म्हणजे सगळी तार एका दिशेला वळल्यावरचं, ते माझं ०.५ च्या जवळ आलं, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गात जातं म्हणून गाभ्याची त्रिज्या तारेच्या त्रिज्येच्या ०.७ पट, म्हणजे ४४ मायक्रॉन. मॅडमना वही दाखवली, त्या म्हणाल्या, "आता तारेला वजन टांगून बघ, ओढल्यावर हा आकडा कुठे जातो ते."