परसातल्या सफरचंदाचं कूळ

माझ्यासारख्या अनोळखी बाईने पिशवीतून आणलेल्या चार सफरचंदांसाठी कुणी इतका वेळ देतं, हे पाहून मी खरंच भारावले.

इंग्लंडमधल्या डर्बीतल्या आमच्या घरामागे सफरचंदाचं जुनं झाड आहे. घर विकणाऱ्यांना त्याची जात ठाऊक नव्हती. फळ मोठं आणि आंबट, म्हणून शेजारी त्याला ब्रॅम्ली म्हणत, म्हणजे इथलं स्वयंपाकाचं नेहमीचं आंबट सफरचंद. इथे १९९० पासून ऑक्टोबरात 'ॲपल डे' होतो. तिथे जाणकार मंडळी फळ बघून जात सांगतात. मी फळं घेऊन गेले, त्या टेबलाशी एक आजोबा होते. त्यांनी आधी देठ पाहिला. आखूड, जाड, आणि बाजूने गराचा एक फुगवटा उठून देठाला टेकलेला. मग फळ उलटं करून फुलाचा वाळका भाग बघितला, तो उघडा होता. सालीवरून अंगठा फिरवला. ब्रॅम्लीला कंगोरे असतात, हे गोल आणि लालसर पट्ट्यांचं, म्हणाले. एक फळ उभं चिरलं, एक आडवं. गाभा न्याहाळला, वास घेतला, फोड तोंडात टाकून डोळे मिटून चावत राहिले. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

"न्यूटन वंडर," ते म्हणाले. १८७०च्या सुमारास किंग्ज न्यूटन गावी सापडलेली जात. ते गाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर! खात्रीच हवी असेल तर उन्हाळ्यात कोवळी पानं डीएनए तपासणीला पाठवा, असंही त्यांनी सांगितलं. केंटमध्ये ब्रॉगडेलला दोन हजारांहून जास्त जातींची सफरचंदं जोपासली आहेत, त्यांच्याशी ताडून बघता येतं.

अशी नावाची जात टिकते ती कलमानेच, आणि कलमाचं महत्त्व कोकणातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच बी लावून न्यूटन वंडर मिळत नाही. आणि आमच्या संगमेश्वरच्या आजोळी प्रत्येक रायवळाला नाव आहेच: खोबऱ्या, शेंदऱ्या, बिटकी. वहीत नोंद नाही, हे खरं. पण इथे परसात एक झाड असतं, तिथे आख्खा डोंगर होता. कोण कुठे लिहीत बसणार?

तरी एक बोच आहे. ही नावं आता फक्त मामाला पाठ आहेत. महामार्गाच्या रुंदीकरणात किती जुनी झाडं गेली, तीही त्यालाच आठवतात. मामेभावाला कळवलंय, की मे महिन्यात मामाला घेऊन एकेका झाडाखाली जा. फळाचा फोटो काढ, उभी-आडवी चीर दे, रेषा किती, चीक कसा, कोय केवढी, सगळं लिही.

न्यूटन वंडर मी कागदात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलीत. नव्या वर्षापर्यंत आंबटपणा उतरतो म्हणे. तोवर काही फळांचा मेथांबा केलाय, गूळ जरा कमीच लागला.