रानभाज्यांचा ब्लॉग आणि शोधासाठीची प्लगइन : जानेवारी ते मे या काळातील नोंद

मृग लागण्यापूर्वी रानभाज्यांवरचे लेख शोधात सापडू लागावेत, एवढ्याच उद्देशाने जानेवारीत हे काम हाती घेतले. शेवळे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येतात, वसई-पालघरच्या बाजारात काही आठवडे दिसतात आणि संपतात. ती कशी शिजवावीत हे लोक त्याच दिवसांत शोधतात आणि त्या दिवसांत लेख सापडला नाही, तर तो पुढच्या वर्षापर्यंत कुणाच्या उपयोगाचा राहत नाही. माझा ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीवर आहे आणि त्यावर ९४ लेख आहेत. आपल्यापैकी अनेक जण मराठीत अशीच छंदाची लेखनकामे करतात, म्हणून पाच महिन्यांत काय केले, काय जमले आणि कुठे डोके धरून बसावे लागले, ते येथे लिहून ठेवत आहे.

पहिला आठवडा निव्वळ साफसफाईत गेला. एका जुन्या प्लगइनच्या (लेख शोधात सापडावेत म्हणून वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) जोडीला दोन वर्षांपूर्वी दुसरे बसवले होते आणि पहिले काढायचे राहून गेले होते. ब्राउझरमध्ये एका लेखाचा मूळ कोड उघडला, तेव्हा लेखाच्या वर्णनाची ओळ दोनदा, कॅनॉनिकल पत्त्याची (पानाच्या अधिकृत वेब-पत्त्याची) ओळ दोनदा आणि त्या दोन पत्त्यांपैकी एक जुन्या रचनेतला, असा प्रकार दिसला. एकाच पानाचे अनेक पत्ते असतील, तर त्यांतला खरा कोणता हे शोधयंत्रांना कळावे म्हणून ही खूण २००९ मध्ये सुरू झाली. तीच परस्परविरोधी असेल, तर तिचा उपयोग संपतो. साइटमॅपही (शोधयंत्रांसाठी असलेल्या पानांच्या याद्याही) दोन होते. वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅपची सोय मुळातच आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी वेगळे प्लगइन बसवण्याची गरज उरलेली नाही. एक प्लगइन काढून टाकले आणि उरलेल्या प्लगइनचा साइटमॅप तेवढा ठेवला.

छायाचित्रांची पाने ही दुसरी अडगळ होती. पूर्वी वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या प्रत्येक चित्रासाठी एक स्वतंत्र पान आपोआप तयार होत असे. नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळांवर ते बंद असते, पण जुन्या संकेतस्थळांवर चालूच राहते. फक्त कुर्डूच्या पानाचे चित्र आणि त्याखाली फाइलचे नाव, अशी कितीतरी पाने माझ्या नावावर जमा होती. प्लगइनमधील एका पर्यायाने ती सर्व मूळ चित्राकडे वळवता आली. हे काम प्लगइनने चोख केले, याची आवर्जून नोंद करतो.

खरा त्रास सुरू झाला तो लेखांच्या पत्त्यांपासून. 'शेवळाची भाजी खाज न येण्यासाठी काय करावे' या लेखाचा पत्ता 'शेवळाची-भाजी-खाज-न-येण्या' येथेच तुटला होता आणि मी तो कित्येक महिने पाहिलाच नव्हता. कारण समजून घेण्यासारखे आहे. पत्त्यात देवनागरी अक्षर जसेच्या तसे साठवले जात नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचे किंवा मात्रेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन चिन्हे मिळून लिहिला जातो. म्हणजे एका मात्रेला नऊ जागा लागतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये या पत्त्यासाठी २०० जागा असतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे, आणि काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण ही सगळी त्यात वेगवेगळी मोजली जातात. 'येण्यासाठी' या एका शब्दालाच ९० जागा जातात. मी आता पत्ता दोन-तीन शब्दांचा ठेवतो आणि तो स्वतः लिहितो. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलला, तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे पाठवतो, त्यामुळे येथे वेगळे रीडायरेक्ट प्लगइन वापरू नये, असे माझे मत झाले आहे. मी ते वापरले होते आणि त्यातील एका जुन्या नियमामुळे करटुल्यांचा लेख दोन पत्त्यांमध्ये गोल गोल फिरत राहिला. मार्चमधले चार दिवस तो उघडतच नव्हता.

फेब्रुवारी महिना लाल-हिरव्या दिव्यांनी खाल्ला. प्लगइन एक मुख्य शब्द विचारते, तो लेखात किती वेळा आला हे मोजते आणि त्याप्रमाणे दिवा लावते. मी 'करटुले' हा शब्द दिला. लेखात 'करटुल्यांची भाजी', 'करटुल्याच्या बिया', 'करटुल्यांना' असे उल्लेख पंधरा-वीस तरी असतील, पण प्लगइनच्या हिशेबी तो शब्द शीर्षकाबाहेर एकदाही आलेला नव्हता, कारण त्याला आपली सामान्यरूपे कळत नाहीत. दिवा हिरवा व्हावा म्हणून मी वाक्ये मोडली. 'करटुले ही भाजी', 'करटुले या भाजीच्या बिया', असे लिहीत गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परिच्छेद वाचताना वाईट वाटले. आपल्या घरात कुणीही असे बोलत नाही. सगळे पूर्ववत केले. दिवा तेव्हापासून लाल आहे आणि तो तसाच राहणार आहे.

पुढे एका चाचणीत लेखाची शब्दसंख्या ० दिसली. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवणारा नियम रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिला, की देवनागरी मजकुरात त्याला शब्दच सापडत नाहीत. आपोआप तयार होणाऱ्या वर्णनाचेही तेच: अक्षरांऐवजी बाइट मोजून मजकूर कापला गेल्याने ओळीच्या शेवटी अर्ध्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटत होते. प्लगइनच्या निर्मात्यांना उदाहरणांसह दोन सविस्तर पत्रे पाठवली आहेत, उत्तर अद्याप नाही. मराठीत लिहिणारे आपण थोडे नाही आहोत, आणि पैसे भरून घेतलेल्या साधनाने आपली भाषा निदान मोजावी तरी नीट, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो 'डोंगरदऱ्यांतील' या शब्दापायी. पडद्यावर तो चार वेळा स्पष्ट दिसत होता आणि प्लगइन तो नाहीच म्हणत होते. शेवटी दोन्ही रूपे शेजारी ठेवून आतली चिन्हे तपासली. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकित होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. लेख फोनवर लिहिला होता, मुख्य शब्द संगणकावर भरला होता, आणि दोन्ही कळफलकांची पद्धत निराळी होती. आता मी संपूर्ण ब्लॉगवर एकच पद्धत ठेवली आहे. 'शेतकऱ्यांनी', 'दुसऱ्या', 'खोऱ्यातील' हे शब्द ज्यांच्या लेखनात वारंवार येतात, त्यांनी एकदा हे तपासावे, असा आग्रह आहे. ब्लॉगवरच्या शोधपेटीतही याच कारणाने लेख सापडत नाहीत.

प्रश्नोत्तरांच्या संरचित माहितीवर (शोधयंत्राला वाचता यावी अशा ठरावीक साच्यात पानाच्या कोडमध्ये भरायच्या माहितीवर) दोन रविवार घालवले, ते वाया गेले. प्लगइन अजूनही ती भरा असे सुचवते. पण गूगलने ऑगस्ट २०२३ पासून ती प्रश्नोत्तरे निकालांत दाखवणे मान्यवर सरकारी व आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरते मर्यादित केल्याचे मला नंतर समजले. मुख्य शब्दांची मेटा ओळ (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी) तर गूगल क्रमवारीसाठी वापरतच नाही आणि ते २००९ मध्येच जाहीर झाले आहे, तरी तिचा रकाना माझ्या प्लगइनमध्ये आजही आहे.

एप्रिलमध्ये दिवे पाहणे सोडून सर्च कन्सोलमधील (लोक काय शोधून आपल्या पानांपर्यंत येतात हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनातील) शब्द वाचायला बसलो, आणि त्या महिन्याचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. माझ्या लेखात फक्त 'टाकळा' होता. विदर्भातील वाचक 'तरोटा' शोधत होते. मी 'फोडशी' लिहीत होतो, लोक 'कुळी'ही विचारत होते. करटुल्यांना तर कंटोळी, करटोली, काटोली अशी गावागणिक नावे, आणि त्यांतली निम्मी रोमन लिपीत, प्रत्येकाच्या मनाप्रमाणे लिहिलेली. प्लगइनला एकच मुख्य शब्द हवा असतो. भाजीला मात्र एकच नाव नसते. म्हणून प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद नव्याने लिहिला आणि कोणत्या भागात त्या भाजीला काय म्हणतात हे त्यात सरळ सांगितले. शेवळांच्या लेखात काकडाच्या फळांचा उल्लेख अगदी खाली दडला होता. खाज मोडण्यासाठी शेवळांबरोबर काकडेच घालतात आणि लोक नेमके तेच विचारतात, म्हणून तो वर आणला. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवते, त्यामुळे गेल्या पावसाळ्याचे शब्द हाती आहेत, त्याआधीचे नाहीत. यापुढे दर ऑक्टोबरमध्ये ते उतरवून घेणार आहे.

मे अखेरीस स्थिती अशी आहे: ९४ पैकी ६१ लेखांचे पत्ते आणि पहिले परिच्छेद दुरुस्त झाले, आणि शेवळांचा लेख रोमन लिपीतील दोन शब्दांवरही दिसू लागला. भारंगीचा लेख शोधयंत्राने पाहिला आहे, पण अनुक्रमणिकेत घेतलेला नाही. त्यात पानांच्या भाजीबरोबर फुलांच्या भाजीची कृती आणि या वर्षी स्वतः काढलेली छायाचित्रे घालून तो पुन्हा तपासणीला पाठवेन. ज्यांच्या वापरातले प्लगइन मराठी सामान्यरूपे एकत्र मोजते, त्यांनी त्याचे नाव आणि आवृत्ती कृपया कळवावी. मी ते करटुल्यांच्या लेखावर तपासून पाहीन आणि जे आढळेल ते पुढच्या नोंदीत लिहीन.