पाच वर्षं शिकलीस, मग आता आणखी कशाला?

पाच वर्षं आर्किटेक्चर केलंस, आर्किटेक्चर कौन्सिलचा नोंदणी नंबर मिळाला, सांगलीत कामंही आहेत. मग ऑफिस टाकायचं सोडून परत दोन वर्षं शिकायला कशाला जातेस? मावशी विचारते, बाबांचे मित्र विचारतात, माझ्या बॅचचे लोक विचारतात. त्यांतल्या काहींच्या ऑफिसांच्या पाट्या सांगलीच्या नव्या भागात, विश्रामबागला, लागल्यासुद्धा. दर वेळी मी "बघू, अजून ठरलं नाही" म्हणते आणि विषय बदलते. खरं तर ठरलंय. मला कन्झर्वेशनमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनात, एम.आर्क. करायचंय, दिल्ली किंवा भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए), नाहीतर अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात. त्यासाठीच्या गेट या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चालू आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

तुम्ही काळजीपोटी विचारता हे मला कळतं. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत असतं, की हिला काम जमत नसणार किंवा करायचं नसणार. ते मला लागतं. मी इथल्याच एका ऑफिसात काम करते. सामासिक अंतरं (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते), पार्किंग, जिना, पाण्याची टाकी, महापालिकेने त्रुटी काढलेल्या फायली परत नीट करणं, हे सगळं मी करते. गावभागातला, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतला, प्लॉट असेल तर पेन्सिल टेकवण्याआधी पूररेषा बघते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. हे काम मला येतं आणि आवडतं. एखाद्याने आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या तीन खोल्यांत वारा नीट खेळला, स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागला नाही, तर मला फार बरं वाटतं. त्यामुळे कामाला कंटाळून चाललेय, असं कृपा करून म्हणू नका.

कॉलेजातले माझे प्रोजेक्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेत. सनबोर्डची मॉडेलं आमच्या माळ्यावर अजून पडून आहेत. तिसऱ्या वर्षी मी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीचं संग्रहालय केलं होतं. हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांच्या आकारावरून घेतलेलं वळणदार काँक्रीटचं छत, खालून येणारा उजेड. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, त्याचं कौतुक झालं. पण खऱ्या पेवांना साइट प्लॅनवर मी गोल ठिपके दिले होते, बस. आपल्याकडच्या माणसाला पेव काय ते सांगायला नको. अरुंद तोंड, खाली मोठं पोट, आतून शेणामातीने सारवलेलं. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, कारण आतला प्राणवायू संपत आलेला असतो. कीड जगत नाही तीही त्याचमुळे. न वीज, न यंत्र, आणि तरी इतकं अचूक काम करणारी वास्तू. 2005 च्या पुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली आणि हळद गोदामांत, कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. माझ्या शीटवर पेवाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, नव्हता आणि कोणी मागितलाही नाही. जमीन कोरी आहे असं धरायचं आणि वर काय उभं करणार ते सांगायचं, असाच प्रत्येक सेमिस्टरचा प्रश्न असतो. कॉलेजवर माझा राग नाही. बी.आर्क. उभारायला शिकवण्यासाठीच आहे. पण उभं असलेल्याचं काय करायचं, हे मला कुणी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि विचारणारे माझे बाबा होते.

आमचा गावभागातला वाडा तुम्हाला माहीत आहे. तो का पाडला हेही तुम्ही ऐकलंय, पण बहुतेकांनी काकांकडून ऐकलंय. माझ्या बाजूने मी आजवर सांगितलं नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या सोप्यात छातीइतकं पाणी होतं आणि ते उतरायला दिवस लागले. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. त्या हिवाळ्यात मेजर्ड ड्रॉइंगचा, म्हणजे उभी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचा, विषय आला आणि मी आमचाच वाडा घेतला. टेप, ओळंबा, लेव्हल पाइप घेऊन मी आणि माझी मैत्रीण रोज तिथे जायचो. दगडी जोतं, त्यावर मातीच्या भिंती, चौकाभोवती सागवानी खांब, वर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडी कड्या, त्यांवर लाकडी पट्ट्यांचं किलचन. एकेक खांब मोजला. तुळई खांबावर जिथे बसते तिथली नक्षी, खाच, खुंटी, सगळं मोठ्या स्केलवर काढलं. त्या शीटना वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

माजघराची मागची भिंत पुरानंतर पोटात फुगली होती. हात ठेवला की गिलाव्यामागे पोकळ लागायचं. शीटवर मात्र ती भिंत सरळ आली, दोन समांतर रेषांत. प्लॅनमध्ये भिंत अशीच काढतात. फुगवटा कुठून सुरू होतो, ओल किती उंचीपर्यंत चढलीय, कुठला तडा जुना आणि कुठला पुरानंतरचा, हे कागदावर मांडायचीही रीत असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज मला जे शिकायचंय त्यातला पहिला धडा नेमका तोच आहे.

मग 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा बाबा आणि काका निर्णयाला आले. आजीला आधीच विश्रामबागच्या फ्लॅटवर आणलं होतं. एका संध्याकाळी रिकाम्या माजघरात बाबांनी मला विचारलं, "तू शिकतेस ना हे? सांग की मग, ही भिंत अजून एक पूर काढंल का?" बाबा उपरोधाने बोलत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर ते थांबले असते, असं मला आजही वाटतं. निदान काही महिने. मी म्हटलं, इंजिनिअरला विचारूया. इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीवर दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितलं आणि म्हणाले, मातीच्या बांधकामाला मी सर्टिफिकेट देऊ शकत नाही, उतरवून घ्या. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याचं गणित त्यांना शिकवलेलं नाही, त्याच्यावर सही कशी करणार?

पुढचं सांगताना मला अजून त्रास होतो. वाडा उतरवायचा ठरला की जुन्या लाकडाचे व्यापारी येतात. सागवान घनफुटावर जातं, आणि व्यापारी नजरेने अंदाज घेऊन आकडा सांगतो, तो नेहमी कमीच. काकांना माझी शीट आठवली. "तुझ्याकडं सगळी मापं असतील की गं, प्रिंट काढून आण." मी आणली. जोत्यावर शीट पसरली. व्यापारी, त्याचा माणूस, काका आणि मी. व्यापारी एकेका खांबाकडे बोट दाखवायचा आणि मी माप वाचायचे. लांबी, रुंदी, जाडी. चौकाचे खांब, मग तुळया, मग माळ्यावरच्या कड्या. त्याचा माणूस कॅल्क्युलेटरवर गुणाकार करायचा. देवघराच्या चौकटीपाशी मी थांबले, तर काका म्हणाले, "ती पण सांग." मी तीही सांगितली. शेवटी व्यापाऱ्याला आकडा वाढवावा लागला. काका खूश झाले. माझ्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाले, "आमची पोरगी आर्किटेक्ट होतीय. एक कडीसुद्धा सुटली नाही बघा."

इतकं मनापासून कौतुक काकांनी माझं आधी कधी केलं नव्हतं. आणि ते खरं होतं. एकही कडी सुटली नव्हती. वाडा सुटा करून विकण्यासाठी लागेल ते सगळं माझ्या शीटमध्ये होतं. तो उभा ठेवायला लागेल ते काहीच नव्हतं.

काकांना दोष देऊ नका. घर त्यांचंही होतं, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याही खिशातून जाणार होता, आणि प्रत्येक पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवायला तेच यायचे. जुनं ते सगळं राखावं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या वाड्यात बायकांना वर्षानुवर्षं परसातल्या संडासात जावं लागलं, धुरात स्वयंपाक करावा लागला. आजीला फ्लॅट आवडतो. ती वाड्यासाठी रडली, आणि आठवड्याने म्हणाली, इथं नळाचं पाणी वर चढतं बाई, बरंय.

मी मात्र नंतर वाचायला लागले, आणि एका गोष्टीशी येऊन थांबले. 2005 च्या पुरानंतर आमच्या भिंती खालून कंबरभर उंचीपर्यंत सिमेंटने गिलावा करून घेतल्या होत्या. मजबुतीसाठी. गावभागात कितीतरी घरांनी तेच केलं. मातीची भिंत ओल खेचते, तशी ती सोडतेही, पण बाहेरून तिला श्वास घेता आला पाहिजे. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा ती कोंडून धरतो. मग भिंत आतल्या आत मऊ पडते आणि वरून मात्र ठणठणीत दिसते. आमची माजघराची भिंत नेमकी तिथेच फुगली होती, जिथवर सिमेंट होतं. म्हणजे पुरापेक्षा दुरुस्तीनेच तिचा घात केला असेल का? मला तसं वाटतं. बाबांना पटत नाही. ते म्हणतात, पाणी इतके दिवस उभं राहिल्यावर चुना काय आणि सिमेंट काय. आमचं यावरून अजून वाजतं, आणि भिंतच राहिलेली नसल्यामुळे दोघांपैकी कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

"मग परदेशात जा, तू तर जाणार होतीस" असंही तुम्ही म्हणता. हो, जाणार होते. चौथ्या वर्षी माझ्याकडे परदेशी विद्यापीठांची यादी होती. पोर्टफोलिओत संगणकावर घडवलेली वळणदार छतं होती, आणि का शिकायचंय त्याच्या निबंधात पहिल्याच ओळीत आमचा वाडा, चौकातली तुळस, उन्हाची तिरीप. त्या मुलीला मी खोटी म्हणणार नाही. तिला खरंच ती छतं सुंदर वाटायची, आणि मलाही अजून वाटतात. पण तिला विचारावंसं वाटतं, की तुळशीवर परिच्छेद लिहिलास, तेव्हा त्या चौकाच्या फरशीखालचं पाणी कुठून जातं ते बघितलं होतंस का? ती उलटून म्हणेल, तू तरी आता काय वेगळं करतेयस, तूही वाड्याचंच भांडवल करून अर्ज भरणार आहेस. यावर मला नीट उत्तर सापडलेलं नाही. अर्जात वाड्याबद्दल लिहायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पैशाचंही बोलते, कारण तेच तुम्हाला विचारायचं असतं. एम.आर्क.ला गेटमधून प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. गेटचा गुण तीन वर्षं चालतो, म्हणजे एका वर्षी नाही जमलं तरी सगळं संपत नाही. पुढे यात कमाई किती होईल? इथल्या बंगल्यांच्या कामापेक्षा बहुधा कमीच. मोठी कामं देवळांची, किल्ल्यांची, सरकारी. सागवान विकून मोकळं होऊ पाहणाऱ्या कुटुंबाकडे सल्ल्याचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न मलाही पडतो. आणि हेही पडतं, की दोन वर्षं वर्गात बसण्यापेक्षा चुना दळायच्या घाणीवर काम केलेल्या एखाद्या गवंड्याच्या हाताखाली राहिले, तर जास्त शिकेन का? चुन्यात गूळ किती, हिरडा किती, चुना किती दिवस मुरवायचा, हे त्याच्या हाताला माहीत असतं. पण तो गवंडी मोजमापाचा कागद करून महापालिकेत उभा राहू शकत नाही, आणि मालकाला खर्चाचा आकडा लिहून देऊ शकत नाही. दोन्ही येणारं माणूस आपल्याकडे मला दिसलं नाही. मला ते व्हायचंय. होईनच, असं मी म्हणत नाही.

आणि परत येशील का, हे विचारू नका. यायची इच्छा आहे. शब्द देणार नाही.

मध्यंतरी गावभागातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला त्यांचा वाडा बघायला बोलावलं. खालची भिंत ओली, गिलावा सुटलेला, मुलगा पुण्याला, पाडायचं की ठेवायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी बाबांचाच प्रश्न विचारला. मी एवढंच सांगितलं, की पावसाळ्यानंतर भिंत पुरती वाळेपर्यंत तिला हात लावू नका, आणि सिमेंट तर अजिबात मारू नका. ते म्हणाले, "ते कळलं. पण टिकंल का, ते सांग." ते सांगण्याइतकं मला येत नाही. त्यांनी निर्णय पुढच्या दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकलाय.