तुम्ही विचारलंत म्हणून : फुजीच्या वाटेवर गाडीत काय ऐकावे?

तोक्योत राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्रातून येणारे पाहुणे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांत शाकाहारी जेवण कुठे मिळेल याच्या खालोखाल माझ्या वाट्याला येणारा प्रश्न गाण्यांचा आहे. भाड्याची गाडी घेऊन फुजीच्या पायथ्याशी असलेल्या कावागुची तळ्याकडे जायचे ठरलेले असते आणि वाटेत ऐकायला, भाषा कळली नाही तरी गोडी लागेल अशी जपानी गाणी हवी असतात. अशा वेळी यादी पाठवण्याऐवजी मी आधी विचारतो, की कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता निघणार आहात.

हा आडमुठेपणा नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहाएक वर्षांत जपानमध्ये जे पॉप संगीत तयार झाले आणि ज्याला आज सिटी पॉप म्हणतात, त्याचा मोटारीशी फार जवळचा संबंध आहे. मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली होती, गाडीत कॅसेट वाजू लागली होती आणि शहराबाहेर पडणारे द्रुतगती मार्ग नुकतेच जोडले जात होते. त्यामुळे यांतली काही गाणी ठरावीक रस्त्यावरच खुलतात आणि एक तर चक्क रस्त्याचे वर्णनच आहे.

ते गाणे म्हणजे युमी आराई यांचे ‘चुओ फ्रीवे’. लग्नानंतर त्या युमी मात्सुतोया झाल्या. तोक्योहून पश्चिमेला जाणाऱ्या चुओ द्रुतगती मार्गाचा ताकाइदो ते चोफू हा तुकडा १९७६ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये हे गाणे त्यांच्या अल्बममध्ये आले. फुजीकडे जाताना तुम्ही ह्याच रस्त्याने जाता. गाण्यातली प्रेयसी चोफूचा लष्करी तळ मागे पडल्याचे सांगते, मग उजवीकडे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आणि डावीकडे बिअरचा कारखाना दाखवते आणि पुढे हा रस्ता आकाशात झेपावणाऱ्या धावपट्टीसारखा वाटतो असे म्हणते. फुचू येथील ते मैदान आणि तो कारखाना आजही गाण्यातल्या त्याच बाजूंना आहेत. जपानमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालत असल्याने आपल्या माणसाला मनातल्या मनात बाजू बदलण्याचीही गरज पडत नाही. युमी मूळच्या ह्याच मार्गावरील हाचिओजीच्या. त्यामुळे हे वर्णन घराकडे जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून आलेले आहे. चाल मात्र दिसते तितकी सरळ नाही. ती सतत पट्टी बदलत राहते आणि तरीही कुठे खटकत नाही, एवढ्या अलगद ती एका पट्टीतून दुसरीत सरकते. बास गिटारवर लीलँड स्क्लार हे अमेरिकी वादक आहेत. त्यांच्याकडे लक्ष ठेवून एकदा ऐकावे. गाणे चोफूच्या थोडे अलीकडे सुरू करावे, म्हणजे बरोबर जागेवर येते.

त्याआधी, शहराच्या डोक्यावरून जाणाऱ्या उन्नत मार्गावर, मारिया ताकेउची यांचे १९८४ चे ‘प्लास्टिक लव्ह’ लावायला हरकत नाही. मात्र ते रात्रीच. इंटरनेटने ह्या गाण्याला जगभर पोहोचवले आणि म्हणून प्रत्येक जण तेच मागतो, परंतु माझ्या मते मोकळ्या रस्त्यावर ते अगदीच फिके पडते, कारण त्याला उंच इमारतींच्या खिडक्यांतले दिवे लागतात. मिकी मात्सुबारा यांचे १९७९ चे ‘मायोनाका नो दोआ’ ह्याच जातीचे. उतादा हिकारू यांचे २००१ चे ‘ट्रॅव्हलिंग’ वेगळ्या काळातले असले, तरी शुक्रवारी दुपारी टॅक्सीत बसलेल्या माणसाचे ते गाणे ह्या टप्प्यावर बरोबर जुळते.

हाचिओजीच्या पुढे डोंगर सुरू होतात. तिथे तात्सुरो यामाशिता यांचा १९८२ चा ‘फॉर यू’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकावा. ‘स्पार्कल’ हे ते पहिले गाणे. सुरुवातीला फक्त गिटार वाजते. तारा दाबून-सोडून काढलेले कोरडे, तुटक झटके, आणि त्यांवर काही क्षणांनी जुन आओयामा यांचे ड्रम, कोकी इतो यांचा बास आणि पितळी वाद्ये एकदम येऊन पडतात. एवढ्या नेमकेपणाने वाजवणारी वादकमंडळी आजही क्वचितच ऐकायला मिळते. येथे एक व्यावहारिक सूचना करणे भाग आहे: यामाशिता आपले अल्बम स्ट्रीमिंगवर ठेवत नाहीत. मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा जुन्या सीडींच्या दुकानातून सीडी घ्यावी आणि गाणी निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावीत, कारण भाड्याच्या नव्या गाडीत सीडी लावण्याची सोय असेलच असे नाही.

पुढे कोबोतोके बोगदा आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथली कोंडी टळत नाही. थांबलेल्या गाडीत जलद गाणी चिडचिड वाढवतात. मी तिथे एइइची ओताकी यांचा १९८१ चा ‘अ लाँग व्हेकेशन’ लावतो. त्यातले पहिले गाणे ‘किमी वा तेन्नेनशोकु’ वाद्ये जुळवण्याच्या आवाजाने सुरू होते आणि मग इतके उजळ होते, की ते उन्हाळी सुट्टीचे असावे असेच वाटते. प्रत्यक्षात गीतकार ताकाशी मात्सुमोतो यांची धाकटी बहीण त्या काळात वारली, त्यांना लिहिणे जमेना आणि ओताकी यांनी १९८० मध्ये यायचा अल्बम त्यांच्यासाठी पुढे ढकलला. आठवणी कृष्णधवल झाल्या आहेत, त्यांत रंग भर, अशी विनवणी त्या गाण्यात आहे. शब्द कळत नसतानाही ह्या गाण्याने गाडीतली बडबड थांबलेली मी पाहिली आहे. भाषा येत नाही म्हणून चिंता करणाऱ्यांना मी हेच गाणे आधी ऐकायला सांगतो.

समुद्राच्या बाजूने, म्हणजे एनोशिमाकडून राष्ट्रीय महामार्ग १३४ ने जाणार असाल, तर वरचे बहुतेक सगळे बाजूला ठेवावे आणि सदर्न ऑल स्टार्स हा बँड ऐकावा. त्यांचे गायक केइसुके कुवाता ह्याच किनाऱ्यावरील चिगासाकीचे. त्यांचे १९९० चे ‘किबो नो वादाची’ आज चिगासाकी स्थानकात गाडी सुटताना वाजते, यावरून त्या गावाने ते किती आपले मानले आहे ते कळावे.

मागच्या आसनावरून मुलांनी अ‍ॅनिमेच्या गाण्यांचा हट्ट धरला, तर नाही म्हणू नये. ती गाणी चांगली असतात, परंतु बहुतेक दीड मिनिटाच्या शीर्षकदृश्यात सगळा दारूगोळा संपवण्याच्या बेताने रचलेली असल्यामुळे ओळीने ऐकली की चालवणाऱ्याचा जीव थकतो. बोगद्यापलीकडे दांगोझाकाचा मोठा विसावा लागेपर्यंत मुलांची गाणी वाजू द्यावीत, तिथे सगळ्यांनी खाऊन घ्यावे आणि पुढचा ताबा चालकाने परत घ्यावा.