हाकोनेची जुनी घाटवाट: फरसबंदी ऐकून निघू नका

"दगडी फरसबंदी आहे, आरामात जाल," असं आमच्या मुक्कामाच्या मालकाने सांगितलं. त्याने ती वाट पावसानंतर पाहिलीच नसावी.

एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो हा शोगुनांच्या (जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या) काळातला तोकाइदो हमरस्ता. हाकोने हा त्यातला सगळ्यात वाईट घाट. आधी चिखलावर दरवर्षी बांबू अंथरत. १६८० मध्ये सरकारी खर्चाने दगड बसवले. ते अजून आहेत: गोलसर, शेवाळलेले, देवदारांच्या गर्द सावलीत कायम ओले.

घाटाच्या पायथ्याच्या युमोतो गावापासून चालू नका, बरीचशी डांबरी सडक आहे. बसने वरच्या हाताजुकू गावाला उतरा. पुढच्या एका चढाचं नाव 'माकड घसरे', त्यावर मी हसले होते. चढ दमवतो, पण जमतो. अमाझाके-चाया या जुन्या चहाघराच्या गवती छपराखाली तांदळाची गरम, गोड पेज प्या.

माझी वाट लावली ती पलीकडे आशी सरोवराकडे जाणाऱ्या शेवटच्या उताराने. दोनदा बसले, एकदा चक्क पाठीवर! सह्याद्रीच्या कातळावर चिकटणारे बूट इथे निकामी. पाय दगडाच्या माथ्यावर नको, फटीत टाका. काठी हवीच. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चायापासूनच बस धरा, त्यात लाज कसली! आणि ही वाट वरून खाली करायचा विचारही नको.

रखडल्यामुळे सरोवराकाठच्या शोगुनांच्या तपासणी नाक्यासाठी (आता तिथे संग्रहालय आहे) जेमतेम अर्धा तास उरला. तो पाचला बंद होतो, थंडीत साडेचारला. आत घेणं त्याच्या अर्धा तास आधी थांबतं. तिकीट ५०० येन. इमारत २००७ मध्ये पुन्हा उभारलेली, पण बघाच.

'आत येणाऱ्या बंदुका, बाहेर जाणाऱ्या बायका' (म्हणजे एदोत शिरणाऱ्या आणि एदोतून निघणाऱ्या, दोन्ही रोखा) ही इथली प्रसिद्ध म्हण ऐकून मी बंदुकांची झडती शोधत होते. हाकोनेला खरा डोळा बायकांवरच! १६३५ मध्ये जपान्यांना देशाबाहेर जायला बंदी झाली, त्याच वर्षी सरदारांनी आलटून-पालटून एदोत राहावं हा नियम पक्का झाला. त्यांच्या बायका-मुलं एदोत ओलीस. त्या निसटू नयेत म्हणून इथे परवान्यातलं वर्णन ताडून पाहायला खास बाई नेमलेली, केससुद्धा तपासायची. नागासाकीच्या देशीमा बेटावर कोंडलेले डच व्यापारी मात्र शोगुनाला मुजरा करायला याच वाटेने एदोला जात.

वाटेजवळ ओतामाचं तळं लागतं. एदोतली नोकरी सोडून इझूला घरी निघालेली मुलगी, परवाना नाही. १७०२ मध्ये नाक्याला वळसा घालताना सापडली आणि तिचं डोकं उडवलं. तो वळसा या वाटेहून सोपा नसणार, आणि तिच्या पायात बूटही नव्हते.

परतीची बस नाक्याजवळच मिळते. मी तीच घेतली.