तुटक रेषा

माझ्या शाळेचं नाव निघालं की मला नववीतला एक आलेख आठवतो. काचेच्या बारीक नळीत पाऱ्याच्या थेंबाखाली अडकलेली हवा, नळी कढत पाण्यात उभी. पाणी निवताना दर १० अंशांना हवेच्या स्तंभाची उंची टिपायची. ९० ते ३० अंशांपर्यंत सात ठिपके पडले आणि जवळजवळ एका ओळीत आले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "आता पट्टी लाव आणि मागे जात राहा. हवेचं आकारमान शून्य कुठे होतं बघ." कागद संपला, दुसरा चिकटवला. रेषा उणे २६० च्या आसपास अक्षाला टेकली. खरा आकडा उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष शून्य, सगळ्यात कमी शक्य तापमान. जिथे कुणालाच पोचता येत नाही, तिथला पत्ता आमच्या सात ठिपक्यांनी सांगितला होता! अंगावर काटा आला.

मोजलेल्या ठिपक्यांच्या मधलं काढायचं ते अंतर्वेशन, पलीकडचं काढायचं ते बहिर्वेशन. बाईंचा नियम एकच: ठिपके आहेत तिथवर रेषा अखंड, पुढे तुटक.

तो मी पुढच्याच आठवड्यात मोडला. चंबूतलं पाणी ३० पासून १० अंशांपर्यंत आकसत गेलेलं पाहिलं आणि शून्यापर्यंत शाईने अखंड रेषा ओढून वही दिली. बाईंनी न बोलता चंबू बर्फात ठेवला. नळीतलं पाणी उतरत गेलं, ४ अंशांच्या आसपास थबकलं आणि वर चढायला लागलं.

मी विचारलं, मग हवेची रेषा तरी खरी कशी? बाईंना हा प्रश्न फार आवडला. हवासुद्धा त्या टोकाआधीच द्रव होते, त्या म्हणाल्या. पण वायू कुठलाही घ्या, विरळ असला की रेषा त्याच बिंदूकडे जाते. म्हणून त्या बिंदूवर भरवसा. मग त्यांनी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएची गोष्ट सांगितली. युरेनसची चाल गणितात बसेना, तेव्हा त्याने पलीकडे एक ग्रह असणार असं मांडलं आणि १८४६ मध्ये नेपच्यून त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाची चालही बसेना, तेव्हा तोच तर्क लावून त्याने सूर्य आणि बुधाच्या मध्ये आणखी एक ग्रह असणार असं मांडलं. तो ग्रह मात्र कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला, तेव्हा बुधाचा हिशेब जुळला.

आज माझं काम अंदाजपत्रकांचं. हाताखालची मुलं पुढच्या पाच वर्षांचा आलेख घेऊन आली की मी आधी शेवटचा ठिपका शोधतो. त्यापुढेही रेषा अखंड असेल तर पेन्सिल काढून ती तुटक करतो, मगच आकड्यांकडे वळतो.